पन्नास पैशांत मावेल एवढं गाव

“आज ‘सुंदर’ हा शब्द कुणी वापरायचा नाही,” बाईंनी सांगितलं. “‘छान’ नाही. ‘खूप’ पण नाही.”

वर्ग गप्प झाला. मग मागच्या रांगेतून आवाज आला, “भारी चालंल का, बाई?”

“भारी पण नाही.”

“मग लिवायचं तरी काय?”

प्रश्न रास्त होता. साताऱ्याच्या माण तालुक्यात, दहिवडीपासून बरंच आत, माळावरच्या एका वस्तीवरची ही जिल्हा परिषदेची शाळा. दोन खोल्या, दोन शिक्षक, पहिली ते चौथी. तिसरी-चौथीची मुलं एकाच खोलीत बसतात. त्या दिवशी प्रत्येकासमोर जुन्या वहीच्या पुठ्ठ्यातून कापलेला एक तुकडा होता, चौदा सेंटिमीटर लांब आणि नऊ सेंटिमीटर रुंद. पोस्टकार्डाचं माप. खरी कार्डं बाईंच्या टेबलाच्या खणात होती आणि ती हातात पडायला अजून अवकाश होता.

संपादकांनी यंदाच्या अंकाचा विषय ‘अंतर’ असा कळवला, तेव्हा स्थलांतर, रेल्वे, परदेशी गेलेली मुलं असं नेहमीचं सगळं डोक्यात येऊन गेलं. त्यावर दर दिवाळीत भरपूर लिहिलं जातं. मग ओळखीच्या एका केंद्रप्रमुखांनी सांगितलं, की माणातल्या एक बाई आणि दापोली तालुक्यातले एक गुरुजी आपापल्या वर्गातल्या मुलांना एकमेकांना कार्डं लिहायला लावतात. साधी, पन्नास पैशांची. अट एकच: आपल्या इथलं काहीतरी असं लिहायचं, की ज्यानं ते कधी पाहिलं नाही त्याला ते दिसलं पाहिजे. इथली मुलं मेंढरांतली, तिथली मासळीतली. मधे सह्याद्री. मी दोन्हीकडे जाऊन आले.

गाय हा उपयुक्त प्राणी आहे

मराठी शाळेत गेलेल्या कुणालाही गायीचा निबंध झोपेत विचारला तरी सांगता येतो. चार पाय, दोन शिंगं, एक शेपूट. दूध देते. शेणाच्या गोवऱ्या होतात. हा निबंध लिहिताना गोठ्याकडे बघावं लागत नाही. वाचणाऱ्या बाईंना गाय ठाऊक आहे, आणि त्यांना ती ठाऊक आहे हे लिहिणाऱ्यालाही ठाऊक आहे. दोघं मिळून एक ठरलेलं काम उरकतात. ‘माझे गाव’चंही तेच. गावात मारुतीचं देऊळ आहे, लोक मिळूनमिसळून राहतात, मला माझे गाव खूप आवडते. हा मजकूर गडचिरोलीपासून गडहिंग्लजपर्यंत कुठंही खपतो.

बाईंनी या गोष्टीचा पुष्कळ विचार केलेला दिसला. त्या म्हणाल्या, “एक पोरगा बघा. ‘माझे गाव’वर त्यानं चार ओळी लिहिल्या. तोच पोरगा मामाच्या गावाहून आला, की तिथल्या विहिरीत बैल कसा पडला, तो क्रेननं कसा काढला, वर आल्यावर बैल कसा थरथरत उभा होता, हे मधल्या सुट्टीत असं सांगतो की पोरं डबा खायची थांबतात. मग याला वर्णन येत नाही असं कसं म्हणू मी?”

फरक कशाचा, हे त्यांनीच पुढं सांगितलं. मधल्या सुट्टीत ऐकणाऱ्यांनी तो बैल पाहिलेला नसतो. वर्णन लागतं ते न पाहिलेल्याला. शाळेत मात्र आपण मुलांना वर्णन करायला लावतो ते पाहिलेल्यासमोर, आणि वर दहापैकी गुण देतो. विशेषणांच्या याद्या, ‘पंचेंद्रियांचा वापर करा’ अशा सूचना, नमुना उत्तरं, हे सगळं त्या एका उणिवेवरचे उपाय आहेत. मुलाला न पाहिलेला वाचक मिळवून द्या, निम्मं काम तिथंच होतं, असं मला दोन्ही वर्ग पाहून वाटतं. उरलेलं निम्मं मात्र शिकवावंच लागतं. ते कसं, ते आता सांगते.

नसलेली नदी

पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर मुलं लिहायला लागली. बाईंनी फळ्यावर काहीच लिहिलं नव्हतं. आदल्या दिवशी त्यांनी मुलांना शाळेच्या मागच्या माळावर नेऊन आणलं होतं. तिथं काय दिसतं हे विचारायच्या आधी डोळे मिटायला लावून काय ऐकू येतं, कसला वास येतो, तळपायाला काय लागतं हे विचारलं होतं. मुलांनी तोंडी पुष्कळ सांगितलं. लेंड्यांचा वास. लांब कुठंतरी बोअरची गाडी. तारेवरून वारा गेला की येणारी शीळ. कुसळं.

लिहिताना त्यातलं फारसं काही उतरलं नाही. एका मुलीनं लिहिलं: ‘आमचं घर डोंगराजवळ आहे. घरापुढं झाड आहे. आम्ही तिथं खेळतो.’

आता बाईंनी जोड्या लावल्या. एकानं वाचायचं, दुसऱ्यानं फक्त ऐकून चित्र काढायचं. विचारायचं नाही, वाकून बघायचं नाही. त्या मुलीच्या जोडीदारानं काढलेलं चित्र मी जवळून पाहिलं. दोन त्रिकोणी डोंगर, मधून उगवणारा अर्धा सूर्य, डोंगरातून नागमोडी येणारी नदी, काठावर कौलारू झोपडी, झोपडीशेजारी नारळाचं झाड. आकाशात इंग्रजी व्हीसारखे चार पक्षी. तुम्हीही लहानपणी हेच काढलं असेल, मीही काढलंय.

मुलगी चित्राकडे बघत राहिली. “नदी कुठली?”

“डोंगर हाय म्हणलीस की.”

“डोंगराला नदी नस्ती. आन् आमचा डोंगर असा टोकदार न्हाई. वरनं कापल्यागत सपाट हाय.”

“मग सांगायचं न्हाई का तसं!”

बाई बाजूला उभ्या राहून ऐकत होत्या, मधे पडल्या नाहीत. मुलीनं खोडरबर घेतला. दुसऱ्या खेपेला पुठ्ठ्यावर आलं: ‘आमच्या घरामागं डोंगर आहे. तो वरून सपाट आहे. त्याच्यावर झाड नाही, फक्त पवनचक्क्या आहेत. रात्री त्यांचे लाल दिवे लागतात. घरापुढं बाभळ आहे. तिच्याखाली बसलं की काटे बघून बसावं लागतं.’

शेवटचं वाक्य कुठल्या मार्गदर्शक पुस्तकात सापडणार नाही. ‘काटेरी बाभूळ’ असं विशेषण लावून जे साधलं नसतं, ते ‘बघून बसावं लागतं’ या तीन शब्दांनी साधलं. बाई याला ‘अंगाला लागलेलं लिही’ असं म्हणतात. दिसतं ते सगळ्यांना सारखंच दिसतं, अंगाला लागतं ते ज्याचं त्याचं असतं, असा त्यांचा हिशेब. जोडीदारानं काढलेलं चित्र हीच तपासणी, आणि चूक दाखवायला लाल शाईचं पेन लागत नाही.

चौदा बाय नऊ

वहीचं पान का नको, आंतरदेशीय का नको, कार्डच का? मी विचारलं. बाईंचं पहिलं उत्तर व्यवहाराचं होतं: एक रुपयात दोन येतात. पन्नास पैशांचं नाणं कायद्यानं अजून चालत असलं तरी व्यवहारात कुठं दिसत नाही, त्यामुळं कार्डं जोडीनंच घ्यावी लागतात. दुसरं उत्तर जास्त महत्त्वाचं. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला पान दिलं की ते भरायचं दडपण येतं आणि मग ‘मला खूप आवडते’ची भरती सुरू होते. कार्डावर तिसरीतल्या मुलाच्या अक्षरात आठ-दहा ओळी मावतात. काय लिहायचं यापेक्षा काय सोडायचं हा प्रश्न मुलापुढं पहिल्यांदा उभा राहतो. एका मुलानं देऊळ, यात्रा, शाळा, आजी आणि शेळी असं सगळं कोंबलं होतं. बाई म्हणाल्या, “एकच ठेव.” त्यानं बराच वेळ घेतला आणि शेळी ठेवली. मला वाटतं बरोबर ठेवली. देवळं कोकणातही आहेत.

पोस्टकार्डाचा जन्मच मुळात काटकसरीतून झाला. १ ऑक्टोबर १८६९ रोजी ऑस्ट्रिया-हंगेरीत पहिलं सरकारी कार्ड निघालं. भारतात ते १ जुलै १८७९ला आलं, किंमत पाव आणा. सुरुवातीच्या कार्डांवर एक बाजू फक्त पत्त्याची असे. पत्त्याच्या बाजूची डावी अर्धी जागा मजकुराला मोकळी करण्याची सोय ब्रिटनमध्ये १९०२ साली झाली आणि मग चित्रांच्या कार्डांचं पेव फुटलं. आपल्याकडे रविवर्म्याच्या छापखान्यातून देवादिकांची चित्रं कार्डांवर घरोघर गेली. पण चित्राच्या कार्डात एक अडचण आहे. मागं ताजमहाल छापलेला असला की पुढं ताजमहालाबद्दल लिहायला काही उरत नाही, ‘इथं मजेत आहोत’ एवढंच उरतं. बिनचित्राचं पिवळट कार्ड म्हणून मुलांना बरं. जे दाखवायचं ते शब्दांनीच दाखवावं लागतं.

सुरुवात कशी करायची यावर मात्र दोन्ही शिक्षकांत मतभेद आहे. गुरुजी जुन्या वळणाचे. वर उजवीकडे ठिकाण आणि तारीख, मग ‘प्रिय मित्र’, शेवटी ‘तुझा मित्र’, हे सगळं जागच्या जागी हवं असा त्यांचा कटाक्ष. परीक्षेत त्याला गुण असतात, हे ते लपवत नाहीत. बाई तारीख आणि नाव एवढ्यावर भागवतात. “सगळी जागा नमस्कारातच गेली तर शेळी कुठं बांधू?” असं त्या म्हणाल्या.

शुद्धलेखनाचंही तसंच. माणातल्या कार्डावर ‘कोरड्यास’ येतं, ‘वगळ’ येते, ‘घोंगडं’ येतं. बाई त्याला हात लावत नाहीत. वाचणारा अडखळेल असं काही असेल तेवढंच मुलाला विचारतात. गुरुजी कच्च्या मजकुरातली प्रत्येक वेलांटी दुरुस्त करून मगच खरं कार्ड देतात. त्यांच्या वर्गात तीन-तीनदा उतरवून कंटाळलेली मुलंही मला दिसली, आणि अक्षर मात्र देखणं होतं हेही खरं. मला विचाराल तर मी बाईंच्या बाजूनं आहे. पण टेबलाच्या पलीकडे बसून असं मत देणं सोपं असतं. अधिकारी तपासणीला आले की आधी वेलांट्याच बघतात.

४१५

खरं कार्ड हातात आलं की मजकुराआधी पत्ता. हा बाईंचा नियम. पत्ता नीट उतरला की मग मुलाला खात्री पटते, की हे खरोखर कुठंतरी जाणार आहे.

पत्त्याच्या तासाला मजा आली. बाईंनी फळ्यावर दोन पिनकोड लिहिले. दहिवडी ४१५५०८, दापोली ४१५७१२. चौथीतल्या एका मुलानं लगेच हात वर केला: “बाई, पुढचे तीन सारखेच हायत.” खरंच आहे. सातारा आणि रत्नागिरी हे जिल्हे घाटाच्या दोन अंगांना. एकीकडे टँकरची वाट बघतात, दुसरीकडे पाऊस थांबायची. पण टपालखात्याच्या हिशेबी दोघांचे पहिले तीन आकडे एक. पहिला ४ म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड हा पट्टा. पहिले तीन मिळून टपालाची छाननी करणारा जिल्हा ठरतो. शेवटचे तीन म्हणजे नेमकं वाटपाचं पोस्ट.

सहा आकड्यांची ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली आणि ती बसवली श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्यांनी, जे संस्कृतचे नामांकित कवी होते. एकाच नावाची गावं, नाना लिप्यांतली अक्षरं आणि वाचता न येणारे पत्ते यांवर त्यांनी आकड्यांचा तोडगा काढला. आठ वर्षांच्या मुलाचं अक्षर हा त्याच रोगाचा जुना प्रकार आहे. बाई म्हणतात, गावाचं नाव वाकडं गेलं तरी चालेल, सहा घरांतले सहा आकडे ठसठशीत हवेत.

त्या नियमाची किंमत मला पोस्टात गेल्यावर कळली. देशात दीड लाखाहून जास्त पोस्टं आहेत आणि दहातली जवळजवळ नऊ खेड्यांत. त्यातलंच एक या वस्तीजवळच्या गावात, पोस्टमास्तरांच्याच घरातल्या पुढच्या खोलीत. भिंतीला टांगलेली थैली, एक वजनकाटा, एक मोबाइल, बोटांचे ठसे घेणारं एक छोटं यंत्र. दिवसातले चार-पाच तास पोस्ट चालतं. येणारी माणसं आधारवर पैसे काढायला येतात, मुलीच्या नावानं खात्यात भरायला येतात. कार्ड मागायला कुणी येत नाही.

“बाईंनी पहिल्यांदा पन्नास मागितली, तेव्हा माझ्याकडे होती अकरा,” पोस्टमास्तर म्हणाले. “वरून मागवली. साहेब म्हणले, निवडणूक-बिवडणूक लढवताय काय?” कार्ड छापून, वाहून, दारात पोचवायला खात्याला जो खर्च येतो, त्याचा फारच थोडा भाग पन्नास पैशांतून निघतो. त्यामुळं कार्डं खपावीत अशी कुणाला घाई नाही. १ सप्टेंबर २०२५पासून रजिस्टर टपालही स्पीड पोस्टात विलीन झालं. साधं कार्ड अजून आहे. कधी पाच दिवसांत पोचतं, कधी पंधरा. एखादं पोचतच नाही.

हे न पोचणंही शिकवावं लागतं. एका मुलीच्या दोन कार्डांना उत्तर आलं नाही. बाईंनी गुरुजींना फोन लावला, तर तिकडच्या मुलीनं एकदा उत्तर टाकलं होतं आणि ते वाटेत गेलं होतं. दोन्ही वर्गांचा पटही सारखा नाही, म्हणून कोकणातल्या काही मुलांना दोघादोघांना उत्तरं लिहावी लागतात. असे प्रकल्प अशाच फुटकळ हिशेबात बुडतात. एका मुलाला उत्तर आलं नाही की त्याच्यापुरती सगळी योजना खोटी ठरते. म्हणून बाई आणि गुरुजी एका वहीत गेल्या-आल्याची नोंद ठेवतात. माझ्या मते या सगळ्या उद्योगातलं सर्वात कंटाळवाणं आणि सर्वात गरजेचं काम तेच आहे.

जाळ्यातल्या मेंढ्या

आता या पत्रव्यवहारातला मला सर्वात आवडलेला भाग.

माणातल्या तिसरीतल्या एका मुलानं लिहिलं होतं: ‘आमच्या मेंढ्या रात्री जाळ्यात ठेवतात. सकाळी सोडतात. मला मेंढ्या आवडतात.’ ओळी तीन. बाईंना त्या अपुऱ्या वाटल्या, पण त्यांनी कार्ड तसंच जाऊ दिलं.

हर्णैजवळच्या वाडीतून, गुरुजींच्या शाळेतून, उत्तर आलं: ‘जाळ्यात मेंढ्या मरत नाहीत का? आमचे मासे मरतात.’

मुलगा आधी खो खो हसला. मग त्यानं ते कार्ड घरी नेलं, आजोबांना वाचून दाखवलं, आजोबाही हसले. दुसऱ्या दिवशी तो न सांगता लिहायला बसला. दुसरं कार्ड असं: ‘आमचं जाळं आडवं नसतं, उभं असतं. त्याला वाघर म्हणतात. खुंट्या ठोकून त्यांना बांधतात. ते माझ्या छातीएवढं उंच आहे. मेंढ्या आत बसतात, कुत्रं बाहेर बसतं. रात्री लांडगा येतो म्हणून. वाघर शेतात लावतात, मग शेतात लेंड्या पडतात. शेतकरी आम्हाला त्याची ज्वारी देतो. जाळ्यात मेंढी मरत नाही. ती रवंथ करते, त्याचा आवाज येतो.’

मेंढ्या शेतात बसवण्याचा सगळा व्यवहार या एका कार्डात आला. त्याला कुणी ‘सविस्तर लिहा’ म्हटलं नव्हतं. त्याला एकानं खरा प्रश्न विचारला होता, आणि विचारणाऱ्याला उत्तर खरोखर ठाऊक नव्हतं. शिक्षकाचा प्रश्न तसा कधीच नसतो.

कोकणातल्या बाजूनंही असंच घडलं. हर्णैच्या बंदरावर संध्याकाळी होड्या आल्या की किनाऱ्यावरच मासळीचा लिलाव होतो. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग उभा. पर्यटक त्याचे फोटो काढतात. एका मुलीनं लिहिलं होतं: ‘लिलावात सगळे ओरडतात पण ते भांडण नसतं. कोलंबी अजून हलत असते. पायाला खवले चिकटतात. तसंच घरात गेलं की आई ओरडते, ते भांडण असतं.’ किल्ल्याचं नाव कार्डावर नव्हतं. गुरुजींना ते खटकलं, ऐतिहासिक वारसा राहिला म्हणून. त्यांनी तिला तो पुढच्या कार्डात घालायला सांगितलं. तिनं घातला, आणि ते कार्ड इतिहासाच्या पुस्तकासारखं झालं.

माणातल्या वर्गात समुद्र पाहिलेला एकच मुलगा होता. त्याचं बिऱ्हाड दिवाळीनंतर मेंढरं घेऊन घाट उतरतं आणि पावसाच्या तोंडाला परत येतं. पटावर त्याच्या नावापुढं गैरहजेरीच जास्त. पहिली कार्डं आली त्या दिवशी तो वर्गात होता, आणि एरवी कुणी काही न विचारणाऱ्या त्या मुलाला सगळे प्रश्न विचारू लागले. समुद्र केवढा? पलीकडचं दिसतं का? त्याचं म्हणणं बाईंनी फळ्यावर उतरवून घेतलं: ‘पाणी लई हाय पर मेंढरं पीत न्हाईत. खारट हाय. आपल्याला वाटतं पाणी बघून पळत जातील, पर वास घेऊन मागं फिरत्यात.’ समुद्राचं याहून नेमकं वर्णन मी तरी वाचलेलं नाही.

उघडं पत्र

कार्ड उघडं असतं, ही त्याची खोड. पोस्टमास्तर वाचतात, पोस्टमन वाचतो, घरी नेलं तर शेजारीही वाचतात. एका मुलानं घराचं वर्णन करताना लिहिलं: ‘बाबा दारू पिऊन आले की आम्ही अंगणात झोपतो. अंगणातून चांदण्या दिसतात.’

बाईंनी ते खोडलं नाही. मधल्या सुट्टीत त्याला बाजूला घेऊन विचारलं, “हे पोस्टातले काका वाचतील. चालेल तुला?” तो थोडा वेळ गप्प बसला आणि नको म्हणाला. मग त्यानं अंगण आणि चांदण्या ठेवल्या, वरची ओळ काढली. बाई त्या संध्याकाळी त्याच्या घरी जाऊन आल्या. तिथं काय बोलणं झालं ते त्यांनी मला सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

बाकी काळजी दोन्ही शिक्षक घेतात. पत्ता नेहमी शाळेचा, घराचा नाही. सहीला फक्त पहिलं नाव. फोन नंबर नाही. लिहिता न येणारी मुलं चित्र काढतात आणि खाली काय लिहायचं ते सांगतात. बाई जसं सांगितलं तसंच, एकही शब्द न बदलता, लिहून देतात. पहिलीतल्या एका मुलीनं कोंबडीचं चित्र काढून खाली सांगितलं होतं, ‘ही माझी हाय. तुझी न्हाई.’ तेही कार्ड पोचलं.

मोठ्यांची पत्रं, मुलांची पत्रं

मुलांना उद्देशून लिहिलेली पत्रं आपल्याकडे मोठ्या प्रेमानं जपली गेली. साने गुरुजींनी पुतणी सुधा हिला लिहिलेली ‘सुंदर पत्रे’ अजून वाचली जातात. १९२८च्या उन्हाळ्यात नेहरूंनी अलाहाबादहून मसुरीला असलेल्या दहा वर्षांच्या इंदिरेला लिहिलेली पत्रं जगभर गेली. त्या मुलींनी उलट काय लिहिलं, हे मात्र फारसं कुणी विचारत नाही. पत्रव्यवहारातला मुलाचा अर्धा भाग आपण सहसा ठेवतच नाही.

तो ठेवणारा एक शिक्षक फ्रान्समध्ये होऊन गेला. सेलेस्तें फ्रेने. पहिल्या महायुद्धात छातीत गोळी लागल्यामुळं त्याला वर्गात फार वेळ बोलता येत नसे. दक्षिणेतल्या बार-सुर-लू या डोंगरातल्या गावी त्यानं वर्गात एक लहानसा छापखानाच आणला आणि मुलांनी सांगितलेलं मुलांकडूनच छापून घ्यायला सुरुवात केली. १९२६मध्ये त्याच्या वर्गाचा ब्रिटनीच्या किनाऱ्यावरच्या त्रेगंक इथल्या एका वर्गाशी नियमित पत्रव्यवहार सुरू झाला. डोंगरातली मुलं आणि समुद्रकाठची मुलं. माणातल्या बाईंनी फ्रेनेचं नाव ऐकलेलं नव्हतं. मी सांगितल्यावर त्या म्हणाल्या, “त्यांच्याकडं तरी नोंदवही कोण ठेवत होतं?”

आपल्या शाळांत पोस्टकार्डं नाहीत असं नाही. २०२१च्या डिसेंबरात चौथी ते बारावीच्या विद्यार्थ्यांनी पंतप्रधानांना ७५ लाख कार्डं लिहावीत अशी देशभर मोहीम झाली. टपाल सप्ताहात स्पर्धा होतात. त्यानिमित्तानं मुलांच्या हाती कार्ड येतं, हे चांगलंच. पण लाखांच्या हिशेबात मजकूर फळ्यावर लिहून उतरवून घ्यायचा मोह कुठल्याही शाळेला होतो, कारण संख्या पूर्ण करायची असते. आणि एवढ्या कार्डांना एकेकाला ‘मेंढ्या मरत नाहीत का?’ असं कुणी विचारू शकत नाही. मला या प्रकारात बक्षीस, प्रमाणपत्र आणि फोटो यांची भीती वाटते. बाईंच्या शाळेत वरिष्ठांनी एकदा ‘उत्कृष्ट पत्र’ निवडायला सुचवलं होतं. बाईंनी फाइल पुढं सरकवली नाही.

हे सगळीकडे चालेल का? कार्डाचा खर्च चहाच्या कपाहून कमी आहे. त्यानं कुणाचं अडत नाही. अडतं ते दुसऱ्या टोकाच्या शिक्षकापाशी. दोन्हीकडे वेळेवर उत्तर धाडणारा माणूस हवा, आणि बदली झाली तर मागचं पुढच्याला सांगणारा हवा. गुरुजींच्या बदलीची यंदा चर्चा आहे. तसं झालं तर कोकणातला वर्ग कोण चालवणार, हे मी गेले तेव्हा ठरलेलं नव्हतं.

तुमच्या गावची जिल्हा परिषदेची शाळा तुम्हाला माहीत असेल. तिचा पिनकोड पोस्टात विचारा. चौथीच्या वर्गाच्या नावानं एक कार्ड टाका. नागपुरातून, बंगळुरूतून, जिथं असाल तिथून. तुमच्या खिडकीतून दिसणारी एकच गोष्ट लिहा, उपदेश लिहू नका, आणि शेवटी तुम्हाला खरोखर ठाऊक नसलेलं काहीतरी त्या मुलांना विचारा. उत्तराला पंधरा दिवस लागतील. ते आलं की मात्र परत लिहायचं, नाहीतर पहिलंही टाकू नका.